बिनफोटोचा गठ्ठा

फोटोवाला गठ्ठा आजही हरला.

टपालातून आलेल्या चिठ्ठ्या चेतनाने टेबलावर दोन ढिगांत टाकल्या. अख्ख्या डावीकडे, कोपरा कापलेल्या उजवीकडे. उजवा ढीग कालच डाव्यावर चढला होता. आज तो घसरून जमिनीवर सांडला.

सालेकशाच्या या मुलींच्या वसतिगृहाचं वर्षाचं धान्य दात्यांना पाठवलेल्या पत्रांवर यायचं. यंदा दाते आटले होते. पुरेसं आलं नाही, तर मुलींना घरी धाडावं लागणार होतं. म्हणून चेतनाने दोन तऱ्हा करून पाहिल्या. निम्म्या पत्रांवर मुलींचा फोटो, निम्म्यांवर नुसता मजकूर. सोबतची उत्तराची चिठ्ठी मात्र सारखीच. कोणती चिठ्ठी कुठल्या गठ्ठ्याची, हे कळायला ती रंगीत शाईची खूण करणार होती. शाई कायले, म्हणत संस्था चालवणाऱ्या उमरावजींनी कात्री घेतली आणि बिनफोटोच्या गठ्ठ्याचे कोपरे चिठ्ठीसकट स्वतःच उडवले. पत्राखाली दरवर्षी त्यांची सही असे. यंदा म्हणाले, हात थरथरते, संस्थेचं नाव पुरे. कागद आणायला नागपूरला जाऊन आले, तेव्हापासून ते थकलेलेच होते.

चेतनाही थकली होती. पोरींचे हसरे चेहरे का हरावेत, हे तिला उमगेना. एका कापल्या चिठ्ठीवर कोणी लिहिलं होतं, 'वसतिगृह बंद करू नका. आम्ही आहो.' तिने जांभई आवरत संगणकावर नोंद केली : पुढच्या वर्षी फोटो नको.

दुपारी केशोरीहून दुलीचंद आले, उमरावजींचे लहानपणापासूनचे सोबती. खांद्यावर तांदळाची थैली, चेहरा उतरलेला. अंगणात खाटेवर ऊन घेत बसलेल्या उमरावजींना पाहून ते जागीच थबकले. मग थैली धपकन खाली ठेवली.

"मी तं तुह्या तेरवीची तारीख विचाराले आलो. अन् तू इथं शेंगा खाऊन राहिला."

"मंग तांदूळ वापस नेतं का?" उमरावजी म्हणाले.

दुलीचंद हसले, दुपट्ट्याने डोळे पुसले आणि चेतनाला समजावून सांगू लागले. कोपरा कापलेलं पत्र म्हणजे मरणाची खबर. त्यात खाली उमरावची सही नाही. ज्याच्या हाती असं पत्र पडलं, त्याने उमराव गेला असंच धरलं, आणि जमेल तसं पोरींसाठी दिलं.

चेतना गोंदिया शहरात, घरीदारी हिंदी बोलत वाढलेली. तिला हे कधी कोणी सांगितलंच नव्हतं. दुलीचंद गेल्यावर ती खाटेपाशी बसली. घोर चूक झाली, सगळ्यांना माफीचं पत्र लिहू, मागेल त्याचं परत करू, असं खालमानेने बोलत राहिली. उमरावजींनी हुंकार दिला. लिही, म्हणाले, या वेळी सही करतो.

बोलता बोलता ती थांबली. तिने मान वर केली.

"बाबूजी, आपको तो मालूम था."

उमरावजींनी फाटकाकडे पाहिलं. शाळा सुटून पोरी येत होत्या, धुळीतून एक गाणं ओढत.

"डॉक्टर म्हणते, होळीपावेतो," ते म्हणाले. "त्याच्यामांगं यांच्या ताटात भात पडते का नाही, तेवढं पाहाचं होतं."