सोबतीला आलेली

"हात डोक्याखाली घ्या. आणि श्वास रोखू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

भावजय टेबलावर आडवी झाली. छातीवर गार जेल पसरलं तसे तिने डोळे गच्च मिटले. उशाशी नणंद उभी होती. नवरा बाहेर बाकावर बसला होता. आत यायचा त्याला धीर होईना, म्हणून त्याने मोठ्या बहिणीला पाठवलं होतं.

"डोळे कसले मिटतेस? मशीनमध्ये काय भूत आहे?" नणंद म्हणाली.

डॉक्टरबाईंनी बटण दाबलं. सोनोग्राफीच्या करड्या चित्रावर रंग उमटले.

"गाठ मऊ आहे की कडक, ते या रंगांवरून कळतं. निळं ते मऊ, लाल ते कडक. तुमची बघा, सगळी निळी. कडाही गुळगुळीत आहेत. साधी गाठ आहे ही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, बास."

भावजय उठून बसली आणि तिला रडूच कोसळलं. नणंदेने तिची पाठ थोपटली, ब्लाउजचे हुक लावून दिले, विस्कटलेले केस सारखे केले. मग दाराकडे न वळता ती म्हणाली, "डॉक्टर, आलेच आहे तर माझंही बघता का? काखेजवळ काहीतरी हाताला लागतंय. बरेच दिवस झाले."

"वन्सं! आणि बोलला नाहीत?"

"तूच काळजीने अर्धी झाली होतीस. दोघींचं एकदम निघालं असतं, तर त्याने कोणाकडे बघायचं?"

या वेळी डॉक्टरबाईंना वेळ लागला. ही गाठ गोल नव्हती. तिच्या कडा वेड्यावाकड्या होत्या, आणि भोवती लालभडक कडं उमटलं होतं. त्यांनी हातातलं यंत्र उचललं, पुन्हा टेकवलं. कडं तसंच राहिलं.

"सुईने तुकडा काढून तपासावा लागेल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण उद्याच या. टाळू नका."

नणंद पडद्याकडे बघत राहिली.

"तिच्या वेळी हे मशीन खरं बोललं ना? मग आता कशाला खोटं बोलेल!"

डॉक्टरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

दोघी बाहेर आल्या. बायकोचे सुजलेले डोळे पाहून नवरा धडपडत उठला.

"अरे, तिला काही झालेलं नाही," बहीण म्हणाली. "साधी गाठ आहे."

त्याचा जीव भांड्यात पडला. तो मटकन खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड पुसत हसला.

"मग रडतेस कशाला, वेडाबाई?"

भावजयीने नणंदेचा हात आणखी घट्ट धरला.