धाकट्याचं फोल्डर

"बाबा, जागा संपत आलीय. हे धाकट्याचं फोल्डर जरा कमी करू या का?" थोरल्यानं विचारलं.

"त्याला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

जिन्याखालच्या कपाटात घरचा सर्व्हर घुरघुरत होता. घरातल्या प्रत्येकाचं त्यावर एकेक फोल्डर आणि सगळ्यांचा कारभारी थोरला. त्याची शिस्त कडक होती. दुसऱ्याच्या फोल्डरात डोकवायचं नाही. दर शुक्रवारी सगळ्याच्या दोन प्रती करायच्या; एक डिस्क लोखंडी कपाटात, दुसरी ऑफिसच्या खणात. आणि जागा कमी पडली की आधी स्वतःचं पुसायचं. या शेवटच्या नियमापायी त्याच्या फोल्डरात आता विम्याचे कागद तेवढे उरले होते.

धाकट्याचं मात्र चांगलं बाळसं धरत होतं. स्वतः धाकटा राहायला दुसऱ्या गावात. महिन्यातून एकदा फोन करणार, तोही घाईत. तरी बाबा रोज दुपारी दार लोटून घेत आणि जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर उतरवत बसत. एक उतरली की ती भंगारात. आतून त्यांचं हसणं ऐकू येई. थोरला चहा घेऊन आत गेला की चाललेलं झटकन बंद.

"धाकट्याचं काम चाललंय," एवढंच सांगत.

थोरल्याचा नुसता जळफळाट होई. आई गेल्यापासून बाबांच्या गोळ्या, दवाखान्याच्या खेपा, गळके नळ, सगळं यानं बघायचं आणि कौतुक कुणाचं, तर त्याचं! चाळिशीला टेकला तरी हा मत्सर काही त्याला सोडत नव्हता.

शुक्रवारी बाबा केस कापायला गेले आणि सर्व्हरनं कळवलं, जागा शिल्लक नाही. थोरल्यानं सवयीनं आधी आपलं फोल्डर उघडलं. पुसण्यासारखं काहीच नव्हतं. मग त्यानं धाकट्याचं निवडलं. उघडून पाहिलं नाही. शिस्त म्हणजे शिस्त. सर्व्हरवरून पुसलं, लोखंडी कपाटातल्या डिस्कवरून पुसलं, ऑफिसातून आणलेल्या डिस्कवरूनही पुसलं. एकदम हलकं वाटलं. त्या संध्याकाळी बाबांना त्यानं न मागता दुसरा चहा करून दिला.

रविवारी धाकटा हजर, चक्क केक घेऊन. थोरल्याला चाळीस पूर्ण झाली होती. बाबांनी टीव्हीसमोर खुर्च्या मांडल्या आणि त्याला मधोमध बसवलं.

"लाव रे ते फोल्डर," ते धाकट्याला म्हणाले.

थोरल्यानं घसा खाकरला. "बाबा, परवा डिस्क बिघडली. त्यातलं याचं सगळं गेलं."

"आणि त्या दोन प्रती?"

"त्याही."

धाकट्यानं केकचा डबा टेबलावर ठेवला.

"माझं कुठलं, दादा?" तो म्हणाला. "मी झालो तेव्हा कॅमेरा विकून झाला होता."

थोरला बाबांकडे बघत राहिला. बाबा बंद टीव्हीकडे बघत होते.

"अकरा महिन्यांचा होतास तू. आई हात पसरून तुला बोलावतेय आणि तू पहिलं पाऊल टाकतोयस," ते म्हणाले. "तुझ्या नावानं ठेवलं असतं, तर जागेसाठी तूच आधी पुसून टाकलं असतंस रे."