बारा कॉलेजांचं बारसं

‘शौर्य’ आणि ‘सन्मान’ ही नावांची जोडीसुद्धा पडली. जाहिरात कंपनीच्या बाईनं पडद्यावर पुढची जोडी आणली, ‘अजिंक्य’ आणि ‘अभिमान’, तेव्हा मार्लिस फोगेलनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आमची पोरं गेल्या मोसमात नऊ सामने हरलीत. त्यांना अजिंक्य म्हणायचं? लोक तिकीट काढून हसायला येतील."

समोर बसलेल्या ऑरिन ट्वेटला हसू आवरेना. तो टोरव्हिक कॉलेजचा क्रीडाप्रमुख, ती नदीपलीकडच्या सेंट अडेला कॉलेजची. गेली तीस वर्षं दोघं एकमेकांना पाण्यात पाहत आले होते आणि त्यात दोघांनाही फार सुख होतं.

बारा कॉलेजांच्या फुटबॉल संघांचे दोन गट करायचे होते. वाटणी सकाळीच उरकली होती: उत्तरेचे सहा एका गटात, दक्षिणेचे सहा दुसऱ्यात. टोरव्हिक आणि सेंट अडेला दोन्ही उत्तरेत आले आणि ऑरिनचा जीव भांड्यात पडला. तो आला होता तेवढ्यासाठीच. एका गटातले संघ दरवर्षी एकमेकांशी खेळणार, म्हणजे या दोघांचा नोव्हेंबरातला सामना वाचला. १९११पासून तो एकदाही चुकला नव्हता. हरलेल्या संघानं दुधानं भरलेला कॅन पायी पुलापलीकडे न्यायचा आणि जिंकलेल्यांना आपल्या हातानं पाजायचं. महायुद्धात टोरव्हिककडे अकरा मुलंही उरली नव्हती, तेव्हा गणिताचे आणि लॅटिनचे मास्तर मैदानात उतरले होते. दूध त्यांनीच वाहून नेलं.

आता उरलं होतं ते नुसतं बारसं, आणि त्यातच दुपारचे तीन वाजले. चार वाजता पत्रकार येणार होते. ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ ही नावं स्पर्धेचे कमिशनर पेल यांना नको होती. त्यात हवामानाच्या बातम्यांचा वास येतो म्हणे.

"कोणाच्या डोक्यात काही आहे का?" त्यांनी विचारलं. आवाजात फारशी आशा नव्हती.

ऑरिन सहसा बैठकीत बोलत नसे. पण आज काम फत्ते झालेलं होतं, माणूस खुशीत होता.

"आमच्याकडे कोणी नवा माणूस भेटला, की आम्ही उत्तरेचा की दक्षिणेचा असं नाही विचारत," तो म्हणाला. "अलीकडचा की पलीकडचा, एवढंच विचारतो. नदी सगळ्यांच्या दारावरून जाते. तिच्यावरूनच ठेवा की नाव. पूर्वकाठ आणि पश्चिमकाठ."

मग टेबलाच्या टोकाला कोणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळे वाजवू लागले. जाहिरातवाली बाई म्हणाली, एवढे पैसे घेऊन आम्हाला हे सुचलं नाही. कमिशनरनी तिथल्या तिथे मत घेतलं. बारा हात वर गेले. मार्लिसचासुद्धा. ऑरिनचे कान लाल झाले. एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यात त्याच्यासाठी इतक्या टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या.

बाईनं पडद्यावर नकाशा आणला. सकाळची आडवी रेघ पुसली आणि नदीवरून एक उभी रेघ ओढली. सहा इकडे, सहा तिकडे.

"अहो, एक मिनिट," ऑरिन म्हणाला. "वाटणी सकाळचीच राहणार ना? मी फक्त नाव सुचवलं."

"पश्चिमकाठच्या कॉलेजाला पूर्वकाठ कसं म्हणायचं, ऑरिन?" कमिशनर हसून म्हणाले. "उलट हे सोपं झालं. आपल्या गटात पाच सामने, दुसऱ्या गटातले दोन, पाळीपाळीनं."

"म्हणजे आमचा सामना तीन वर्षांतून एकदा?"

"बाकीचं जग चालतंच ना तसं."

"आमचा एक कायमचा ठेवा. एकच मागतोय."

"तुम्हाला दिला की बाराही जण मागतील."

"मग मी माझं नाव मागे घेतो."

"आता ते तुमचं कुठे राहिलं? एकमतानं पास झालंय." कमिशनरनी घड्याळ पाहिलं. "आणि पत्रकार खाली येऊन बसलेत."

आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणाऱ्यांच्या गोष्टी ऑरिननं पुष्कळ ऐकल्या होत्या. त्यातल्या कोणासाठी लोकांनी टाळ्या वाजवल्याचं मात्र त्याला आठवेना. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की मान वर करून मार्लिसकडे पाहवेना.

तीच त्याच्या खुर्चीपाशी आली.

"तीस वर्षं तुझा सामना बंद पाडायची धमकी देत होते मी," ती म्हणाली. "मला नाही जमलं ते."

"हात तर तूही वर केलास, मार्लिस."

"केला. तीस वर्षांत पहिल्यांदाच तुझं बोलणं मला पटलं होतं."

तिनं चष्मा पुसला, पण पुसून झाल्यावरही डोळ्यांवर चढवला नाही.

खाली फोटोसाठी सगळ्यांना पायऱ्यांवर उभं केलं. पूर्वकाठ डावीकडे, पश्चिमकाठ उजवीकडे. ऑरिन आणि मार्लिस दोघंही उंचीनं कमी, म्हणून पुढच्या पायरीवर, शेजारी शेजारी आले. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातून पाहिलं आणि हात हलवला.

"मधे जरा जागा सोडा. नदी वाटली पाहिजे."

मार्लिस एक पाऊल सरकली.

"अजून," तो ऑरिनला म्हणाला. "आता तुम्ही सरका."