बोदं लाकूड

“हे काय आणलंय? सरपण?” बद्रीनाथांनी बांबूची पट्टी मेलेली पाल उचलावी तशी दोन बोटांत उचलली.

सृष्टी कसनुसं हसली. हडपसरच्या एका कारखान्याचे नमुने घेऊन ती स्वारगेटला बस बदलून कर्वेनगरला, बद्रीनाथांच्या गिटारी बनवण्याच्या दुकानात आली होती. गिटारच्या फिंगरबोर्डला, म्हणजे तारांखालच्या ज्या पट्टीवर बोटं फिरतात तिला, आजवर आबनूस हे काळं, कठीण लाकूड वापरत आले. ते आता मिळेनासं झालं होतं आणि हा कारखाना त्याला पर्याय बनवत होता. पिशवीत डोकं घालून दुसरी पट्टी काढताना ती काहीतरी म्हणाली.

“बोलताना समोर बघावं,” बद्रीनाथ म्हणाले. “ही रीत शाळेत शिकवत नाहीत, समजलं. घरीही नाही?”

“सॉरी काका. म्हटलं, दाबून केलेला बांबू आहे. आबनुसाइतकाच कडक.”

“कडक तर कालची भाकरीसुद्धा असते. तिच्यावर तारा चढवू?”

त्यांच्या मुलीने, अपेक्षाने, चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. दुकानाचा सगळा व्यवहार तीच बघायची. “बाबा, आज दत्तोबाकाकांचा फोन येणार आहे. यातलं एक तरी लाकूड निवडा,” ती म्हणाली, आणि मग तेच पुन्हा एकदा म्हणाली. हल्ली ती सगळं दोनदा सांगायची, बालवाडीतल्या बाईंसारखी. बद्रीनाथांच्या डोक्यात तिडीक जाई.

दत्तोबा म्हणजे वाद्यांचा व्यापारी आणि या दुकानाचं उरलेलं एकुलतं एक मोठं गिऱ्हाईक. त्याला परदेशी पाठवायला गिटारी हव्या होत्या आणि त्यावर आबनूस चालणार नव्हतं. कुठलं लाकूड घ्यायचं ते त्याने बद्रीनाथांवर सोडलं होतं. तुमचा कान म्हणेल ते, असं तो म्हणाला होता. कानाने कशालाच होकार दिला नाही तर ऑर्डर दुसरीकडे जाणार होती आणि दुकानाला कुलूप लागणार होतं.

“तो कसला फोन करतोय! आठवडाभर करतो करतो म्हणतोय.”

“त्यांनी केला होता बाबा, दोनदा. तुम्ही...”

“केला असता तर मी उचलला नसता? हा बघ फोन. वाजतोय? नाही ना?” त्यांनी मोबाईल टेबलावर पालथा टाकला. “माणसाच्या शब्दाला किंमत उरली नाही, दुसरं काय.”

अलीकडे बद्रीनाथांना एकूण जगाचाच वीट आला होता. शिकायला येणारी पोरं तोंडातल्या तोंडात बोलत, जणू बोलण्यावर कर बसलाय. नव्या तारा बोद्या, बद्द आवाजाच्या निघत. रिक्षासुद्धा विजेच्या झाल्या होत्या आणि चोरासारख्या मागून येत. खणखणीत म्हणावं असं कुणाकडे काही राहिलंच नव्हतं. अशा या पुळचट काळात आपण एकटेच उरलोय, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

“टांगा एकेक,” ते म्हणाले. “माझा नियम ठाऊक आहे ना? लाकूड वाजवताना कुणी बोलायचं नाही, कुणी कशाला हात लावायचा नाही.”

अपेक्षा हा नियम लहानपणापासून पाळत आली होती. तिने भिंतीतल्या खिळ्याला सुतळीने पट्टी टांगली. बद्रीनाथांनी डोळे मिटले आणि लहान लाकडी हातोडीने पट्टीवर ठोका दिला.

“बोदं. पुढचं.”

पुढची भट्टीत भाजलेली बाभूळ होती.

“बोदं. बाभळीने कुंपणच राखावं.”

तिसरी कागद आणि राळ दाबून केलेली, काळीभोर.

“बोदं! रद्दीवाल्याला द्या, तो तरी वजनाने घेईल.”

“पण काका,” सृष्टीला राहवेना. “बाभूळ तर किती छान खणकन वाजली!”

“ऐकायला कान लागतात, बाई. तुमचे नुसते टोचलेले आहेत.”

सृष्टी लाल झाली. अपेक्षा वडिलांच्या समोर येऊन उभी राहिली. “बाबा, पाया पडते. एकाला तरी हो म्हणा. आपलं दुकान बंद पडेल हो!”

“पडू दे. नकली लाकडावर नाव टाकण्यापेक्षा कुलूप बरं.”

ते उठले. कपाटाच्या तळातून त्यांनी जुन्या धोतरात गुंडाळलेली फळी काढली. आबनूस. उमेदीच्या काळात घेतलेलं, आयुष्यातल्या शेवटच्या गिटारीसाठी राखून ठेवलेलं. कित्येक वर्षांत त्यांनी ते कुणाला दाखवलंसुद्धा नव्हतं. गाढवापुढे गीता वाचायची हौस त्यांना नव्हती, पण आज या पोरीची जिरवायचीच होती.

फळी त्यांनी स्वतःच्या हाताने टांगली आणि टेबलाशी कोपर टेकून हातोडी उचलली.

“देवळातल्या घंटेसारखा नाद येतो याचा. जन्मात एकदा तरी खरं काय ते ऐका.”

त्यांनी डोळे मिटले. ठोका दिला.

बोदं.

त्यांनी आणखी जोरात ठोकलं, मग आणखी जोरात. तेच. मातीच्या भिंतीवर मारावं तसं.

त्यांनी डोळे उघडले. दोघीही दगडासारख्या उभ्या होत्या. फळीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सृष्टीची नजर टेबलावर होती, तिथून ती अपेक्षाकडे गेली आणि परत टेबलावर आली. चोराच्या मनात चांदणं, बद्रीनाथांनी ओळखलं.

“कुणी बदललं हे?” ते ओरडले. “माझं आबनूस कुणी पळवलं? कपाटाची किल्ली कुणी दिली हिला? बोल ना! आता का दातखीळ बसली?”

अपेक्षाचे डोळे भरून आले. तिने जन्मात पहिल्यांदा त्यांचा नियम मोडला आणि त्यांनी हातोडी उचलल्यापासून त्यांच्या कोपराशी खणखणत पडलेला फोन उचलला.