सिनेमात टाकली अन् काढली

"लेकराले सुई द्याच्या आधी ती चांगली खळखळ उकळू देजो, घाई करू नोको," मी अकोल्याहून निघताना सासूबाईंनी बजावलं होतं. मी मनावर घेतलं नाही. आमच्या अमरावतीच्या दवाखान्यात सरकारी मोटार येऊन गेली होती. सुया आणि सिरिंज निर्धोक कशा करायच्या, याचा सिनेमा पडदा लावून सगळ्या नर्सबाईंना दाखवला होता.

आज बाळाला घेऊन गेले. गोदावरी नर्सबाईंनी उकळत्या पाण्यात काचेची सिरिंज आणि सुई सोडली आणि लगेच चिमट्यानं वर काढली.

"अहो बाई, एवढ्यात झालं?"

"एवढंच लागते. सिनेमात टाकली अन् काढली. आमी सगळ्याईनं पाह्यलं."

"अहो, सिनेमात मधला वेळ कापून टाकतात!"

"सरकार कावून कापीन?" म्हणत त्यांनी बाळाचा दंड धरला. मी बाळाला ओढून घेतलं आणि तडक बाहेर आले.

 

हाच सिनेमा परवा अंजनगाव सुर्जीलाही दाखवलाय. तुमचं तिथं कोणी लेकुरवाळं असेल, तर जरा जाऊन बघता का?