खवट

लाल दिव्याखाली तीन छोटे पेले. तिन्हींत कोमट दूध, तिन्हींवर तीन आकडी नंबर. एक-दोन-तीन लिहिलं की माणूस पहिल्यालाच चांगलं म्हणून मोकळा होतो, म्हणून हे असले अगडबंब नंबर. दिवा लाल, कारण रंग बघून कुणी चव ठरवू नये. चाखायची ही खोली कपाटाएवढी. समोर भिंतीत हातभर खिडकी, तिला सरकतं झाकण, आणि पलीकडे नमुने तयार करायची जागा.

स्टुलावर बसलेली बाई चाखणाऱ्यांपैकी नव्हे. ती पॅकिंगची. तान्ह्या पोरांच्या दुधाची पावडर डब्यात भरायचं काम तिला एकोणीस वर्षं. सगळा कारखाना तिला 'नाकाडी' म्हणायचा, तोंडावरसुद्धा, आणि ती ओ द्यायची. आज सकाळी तिनं बटण दाबून चालता पट्टा थांबवला होता. पावडर खवट आहे म्हणाली, पोरांना पाजायची नाही.

मॅनेजर धावत आला. मग प्रयोगशाळेचे डॉक्टर आले. हे रसायनाचे डॉक्टर. कुणाचं साधं पडसं बरं करायचे नाहीत, पण कारखान्यात त्यांचा शब्द शेवटचा. यंत्राचे आकडे बरोबर आहेत, असं त्यांनी कागद नाचवून सांगितलं. यंत्राला कळत नाही ते तुला कळतं काय, असंही विचारलं. यंत्रानं कधी पोर वाढवलं नाही, असं ती म्हणाली. सगळ्या बायकांसमोर म्हणाली. तिथंच ते डॉक्टरांच्या जिव्हारी लागलं.

म्हणून ही परीक्षा. दोन पेले मागच्या महिन्याच्या चांगल्या डब्यातले, एक आजच्या मालाचा. वेगळा कुठला तो ओळखायचा. ओळखला तर माल अडवून ठेवू. नाही ओळखला तर पट्टा सुरू, आणि उद्यापासून तू घरी. उत्तराचा कागद कोरा चालणार नाही, एका नंबरावर खूण करायचीच आणि खाली सही. डॉक्टरांनी हे सगळं गोड आवाजात समजावलं होतं.

तिनं पहिला पेला नाकाशी धरला. घोट घेतला, जिभेवर घोळवला, श्वास नाकातून सोडला आणि भांड्यात थुंकली. भिजलेला पुठ्ठा. त्याच्या मागून जुन्या तेलरंगाचा डबा उघडल्यासारखा वास. खवट. तिनं चूळ भरली, थोडं थांबली, दुसरा घेतला.

तोच पुठ्ठा.

पहिल्याची चव जिभेला चिकटली असेल, म्हणून तिनं दोनदा चूळ भरली. नाक ताजं व्हावं म्हणून स्वतःच्या कोपराचा वास घेतला. चांगली दोन मिनिटं गप्प बसली आणि मग तिसरा उचलला.

तोच.

कुठल्याही पेल्यावर खूण केली असती तरी ती चुकीचीच ठरणार होती. मग तिला आठवले ते मघाचे हात. हे पेले खिडकीतून आत सरकवणारे हात तिच्या सुनेचे होते. सून इथं नमुने तयार करायला लागून सहा महिने झाले होते, अजून कायम झालेली नव्हती. सकाळी दोघी एकाच स्कूटरवरून आल्या होत्या. घरी दिवसातून पन्नास वेळा 'अहो आई' करणारी ही पोरगी पेले देताना एक अक्षर बोलली नव्हती.

"कुठला?" दारातून डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या मागे मॅनेजर घड्याळ बघत उभा होता.

"एकही नाही. तिन्ही सारखे."

डॉक्टर मॅनेजरकडे बघून हसले. फरक नाही म्हणजे दोष नाही, कर सही, असं म्हणत त्यांनी पेन पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही.

"सारखे म्हटलं मी. चांगले कुठं म्हटलं? तिन्ही खवट आहेत. चांगला यात घातलाच नाही तुम्ही, डॉक्टर."

डॉक्टरांनी नियम सांगायला सुरुवात केली. मॅनेजरला नियमाशी घेणंदेणं नव्हतं, त्याला पट्टा हवा होता. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, बाई, तुमचं एक वेळ राहू द्या, पण घरचं दुसरं माणूसही इथंच आहे. त्याचा तरी विचार करा.

विचार तिनं केला. घर डोळ्यांपुढून गेलं, नातवाची शाळा गेली, स्कूटर गेली. मग सकाळी पट्ट्यावर उभे राहिलेले डबे आले. शेकड्यांनी. प्रत्येकाच्या झाकणावर एक गुबगुबीत, हसरं पोर.

"तिचं ती बघेल," ती म्हणाली. "जिभेवर आलं ते मी सांगितलं. आता माझ्याकडून सही घ्यायची तर हात धरून घ्या."

तेवढ्यात खिडकीचं झाकण वर सरकलं आणि चौथा पेला आत आला. त्यावर नंबर नव्हता. पाठोपाठ एक डबा आला, झाकणावर मागच्या महिन्याची तारीख असलेला.

"अहो आई, हा चांगला," पलीकडून सून म्हणाली. "आज हा डबा आत्ता पहिल्यांदा उघडला मी. मघाशी डॉक्टरांनी उघडू दिला नव्हता."

मॅनेजर घड्याळ बघायचं विसरला. त्यानं डॉक्टरांकडे बघितलं.

बाईनं चौथ्या पेल्याला हात लावला नाही. ती उठली, स्टूल डॉक्टरांच्या पुढ्यात सरकवलं, स्वच्छ ग्लासात पाणी ओतलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"बसा," ती म्हणाली. "आधी चूळ भरा."