एकमताला एक मत कमी

"ठराव एकमताने मंजूर," असं म्हणत ग्रामसेवकांनी लिहायला घेतलं, तोच बायकांच्या बाजूनं आवाज आला, "थांबा जरा."

मच्छिंद्रनं मान वळवायच्या आधीच आवाज ओळखला. त्याच्याच बायकोचा होता, गोजरबाईचा.

सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन नुकतंच उरकलं होतं आणि शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली होती. ओढ्याकाठच्या गायरानात पालं टाकून राहणाऱ्या पारध्यांना गावातून उठवायचं, असा ठराव होता. कारण, मागच्या आठवड्यात मच्छिंद्रच्या दोन्ही शेळ्या चोरीला गेल्या होत्या. "आपल्या माणसाचं नुकसान झालंय, गाव त्याच्या पाठीशी उभं राह्यलं पाहिजे," असं सरपंच काकासाहेबांनी जोरात सांगितलं होतं. आजवर मच्छिंद्र अशा सभेत चपलांजवळ बसायचा. आज काकासाहेबांनी त्याला हाताला धरून पुढच्या सतरंजीवर आणून बसवलं होतं.

गोजरबाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ठराव कुणाच्या शेळ्यांवरून चाललाय?"

"तुझ्याच की गं," काकासाहेब म्हणाले. माणसं हसली.

"मंग मला कुणी इचारलंच न्हाई. शेळ्या माझ्या गेल्या. पाजल्या मी, चारल्या मी. पर नेताना कुणाला पाह्यलं न्हाई मी. ह्यांनीबी न्हाई पाह्यलं." तिनं नवऱ्याकडं हात केला.

सगळ्या माना मच्छिंद्रकडं वळल्या. त्याचे कान तापले. "खाली बस," तो दबक्या आवाजात म्हणाला. ती बसली नाही.

"अगं, त्यांनी न्हाई तर कुणी नेल्या?" काकासाहेब समजुतीनं म्हणाले. "सगळं गाव तेच म्हणून राह्यलंय."

"सगळं गाव कसं? मी गावातलीच हाय, अन् मी म्हणत न्हाई. चोर सापडला तर पोलिसांत द्या त्याला, मी येते संग. पर माझ्या शेळ्यांच्या नावानं कुणाच्या लेकरांची चूल उखडू नका."

शाळेच्या फाटकाबाहेर पालावरचा धर्मराज उभा होता. त्याची पोरगी पहिलीत होती, म्हणून तो झेंड्याला आला होता. सभा सुरू होताना त्याला बाहेर थांबायला सांगितलं होतं. गोजरबाईनं तिकडं बोट दाखवलं.

"तो काय म्हणतो, त्यालाबी इचारा."

"त्याचं काय काम हितं? ही गावाची सभा हाय."

"मागच्या इलेक्शनला तुमचीच जीप पालावर गेल्ती त्याला मतदानाला आणायला. तवा तो गावचा होता. आज न्हाई का?"

कुणीतरी हसायला गेला आणि मधेच थांबला. काकासाहेबांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, परत ठेवला.

मच्छिंद्र बायकोकडं बघत होता. तिनं व्हरांड्याचा खांब धरला होता. शेळ्या गेल्या त्या दिवशी तिनं घास घेतला नव्हता. मोकळ्या दाव्यांपाशी बसून रडली होती. इथं जमलेल्यांत सगळ्यात जास्त कुणाचं गेलं होतं, तर तिचं. आणि तीच एकटी नको म्हणून उभी होती. तो उठला.

हा आता बायकोला गप्प करणार, असं काकासाहेबांना वाटलं. "बोल मच्छिंद्रा, बोल."

"मला तिच्यासारखं बोलता येत न्हाई, सरपंच," मच्छिंद्र म्हणाला. "ह्या ठरावाला माझा हात न्हाई. बस."

तो सतरंजीवरून उतरला आणि खांबाजवळ जाऊन उभा राहिला.

बायकांतून रहिमाबी उठली. "मेरा भी नहीं," ती म्हणाली आणि लगेच बसली. मग फाटक वाजलं. धर्मराज आत आला, लोकांच्या मधे उभा राहिला. त्यानं नुसतीच मान हलवली, नाही म्हणून.

ग्रामसेवक काकासाहेबांच्या कानाशी वाकले, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "साहेब, एकमताने लिहिता यायचं नाही आता. विरोध करणाऱ्यांची नावं घालावी लागतील. आणि पहिली नावं, ज्यांची चोरी झाली त्यांचीच येतील."

काकासाहेबांनी ग्रामसेवकांपुढची वही हातानं मिटली.

"राहू द्या," ते शेवटी म्हणाले. "पुढच्या सभेला घेऊ."

पुढच्या सभेला तो विषय कुणी काढला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. शेळ्या काही सापडल्या नाहीत. पालं मात्र होती तिथंच राहिली, आणि धर्मराजची पोरगी दुसरीत गेली.

आष्टीच्या बाजारात मच्छिंद्रला शेजारच्या गावचा पुंजाराम भेटला. दोघं चहाला बसले. पुंजारामनं बशी खाली ठेवली आणि गालात हसत म्हणाला, "काय रं, भर सभेत बायकोनं अब्रू घालवली म्हणं तुझी?"

मच्छिंद्रनं निवांत चहा संपवला.

"घालवली न्हाई गड्या," तो म्हणाला. "आमच्या घरात आली ती त्या दिवशी."